विश्वकिरणांचे अभ्यासक डॉ. होमी भाभा

उन्हाळ्याच्या रात्री दोंडाईच्याच्या आमच्या विद्यालयाच्या प्रांगणात मुले आकाश पाहत बसतात. तारे सर्वांनाच दिसतात; परंतु उघड्या तळहातातून दर सेकंदाला एक-दोन सूक्ष्म कण आरपार जात असतात, ते कोणालाही दिसत नाहीत. अवकाशातून येणारे वेगवान कण वातावरणावर आदळतात आणि त्या आघातांतून हे कण जन्म घेतात. सूर्य, ग्रह आणि धूमकेतू यांच्या परिसरातही अशा ऊर्जावान कणांचा संचार असतो. या अदृश्य वर्षावाचे गणित मांडणाऱ्यांत डॉ. होमी जहांगीर भाभा अग्रभागी होते. त्यांचे नाव बहुतेकांना अणुशक्तीमुळे ठाऊक आहे. आम्ही येथे त्यांच्या मूळच्या संशोधनाविषयी लिहीत आहोत.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील एका सधन पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. घरात ग्रंथ होते, संगीत होते, चित्रकलेला उत्तेजन होते. पत्र्याची पेटी घेऊन आमच्या वसतिगृहात दाखल होणाऱ्या मुलांच्या बालपणाशी याचे साम्य शोधणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तरीही एक प्रसंग पालकांनी अवश्य ध्यानात घ्यावा. वडिलांच्या इच्छेनुसार होमी १९२७ साली यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यासाठी केंब्रिजला गेले. पुढे जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात त्यांनी काम करावे, असा घरचा बेत होता. मुलाचे मन मात्र भौतिकशास्त्रात गुंतले आणि त्याने तसे वडिलांना पत्राने स्पष्ट कळविले. वडिलांनी ना नकार दिला, ना लगेच होकार. अभियांत्रिकीत प्रथम श्रेणी मिळविल्यास गणिताच्या पुढील शिक्षणाचा खर्च करू, असे त्यांनी मान्य केले. १९३० साली मुलाने ती श्रेणी मिळविली. वडिलांनीही शब्द पाळला.

१९३७ साली भाभा आणि वॉल्टर हाइटलर यांनी विश्वकिरणांतील एका कोड्याचा उलगडा केला. वरून एकच कण येत असताना खाली कणांची सरच का कोसळते? वेगवान इलेक्ट्रॉन हवेतील अणूजवळून जाताना प्रकाशकण फेकतो. त्या प्रकाशकणातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी निर्माण होते. ती जोडी पुन्हा प्रकाशकण फेकते. वडिलोपार्जित शेत भावांत, मग त्यांच्या मुलांत वाटले जावे आणि शेवटी वाट्याला गुंठेच उरावेत, तशी मूळची ऊर्जा विभागत जाते. ती फार तोकडी झाली की नवे कण निर्माण होणे थांबते. पुढच्याच वर्षी भाभांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखविली. विश्वकिरणांतील अल्पायुषी कण प्रकाशाच्या वेगाजवळ धावत असल्याने त्यांचे आयुष्य आपल्याला वाढलेले दिसले पाहिजे. आज म्यूऑन म्हणून ओळखला जाणारा कण स्थिर असता सुमारे २.२ मायक्रोसेकंदच टिकतो. तेवढ्या अवधीत तो जेमतेम ६६० मीटर जाईल. तरी कित्येक किलोमीटर उंचीवरून तो आपल्या अंगणापर्यंत पोहोचतो.

१९३९ साली भाभा सुटीत मायदेशी आले आणि युरोपात महायुद्ध पेटले. परतीचा मार्ग खुंटला. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत, जिथे सी. व्ही. रामन होते, तिथे त्यांनी विश्वकिरणांचे संशोधन चालू ठेवले. आमच्या मते त्यांच्या आयुष्याचे खरे वळण हेच. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र येणाऱ्या कणांना वाकविते. विषुववृत्ताच्या परिसरात फार ऊर्जावान कणच आत शिरू शकतात. त्यामुळे दक्षिण भारताचे भौगोलिक स्थान हेच एक साधन ठरले. विमानांतून उपकरणे उंच नेऊन तेथे कण मोजले गेले. केंब्रिजला परतण्याचा विचार हळूहळू मागे पडला.

१२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ साली ती बंगळुरात सुरू झाली आणि त्याच वर्षी मुंबईच्या पेडर रोडवरील एका बंगल्याच्या काही भागात आली. हीच टाटा मूलभूत संशोधन संस्था. तेथील संशोधकांनी फुग्यांतून उपकरणे आकाशात सोडली आणि कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली खोलवरही नेली.

अणुऊर्जा कार्यक्रमाविषयी येथे विस्ताराने लिहीत नाही. मात्र १९५७ साली तुर्भे येथे सुरू झालेल्या प्रशिक्षण शाळेचा उल्लेख टाळता येत नाही. देशभरातील तरुण पदवीधरांना निवडून, विद्यावेतन देऊन तेथे घडविले जाऊ लागले. ज्यांच्या घरी ग्रंथसंग्रह नव्हता, त्यांच्यासाठीही संशोधनाचे दार उघडण्याची ती एक वाट होती.

१९६५ साली कोलारच्या खाणीत वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोंच्या खुणा सापडल्या. त्यानंतर काही महिन्यांतच, २४ जानेवारी १९६६ रोजी, भाभांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ते ५६ वर्षांचे होते. खाणीतील उपकरणे पुढेही अनेक वर्षे कण मोजत राहिली.