पॉल माउझर : रायफलीचा कारागीर

माउझर हे नाव मराठी वाचकांस प्रथम भेटते ते क्रांतिकारकांच्या चरित्रांत. १९१४ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यास रॉडा कंपनीच्या मालातून पन्नास माउझर पिस्तुले बंगाली क्रांतिकारकांनी मोठ्या शिताफीने लांबविली. १९२५ साली काकोरीजवळ सरकारी खजिना नेणारी आगगाडी अडविणाऱ्या तरुणांच्या हातीही माउझर पिस्तुलेच होती. त्यामुळे पुष्कळांची अशी समजूत होते की, माउझर ही पिस्तुलाचीच एक जात असावी. वास्तविक ते एका माणसाचे आडनाव होय. आणखी गंमत अशी की, हे पिस्तूल मुळात त्याने रचलेलेच नव्हते. त्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या फेडेर्ले बंधूंचे ते काम होते. माउझरचे स्वतःचे सारे आयुष्य गेले ते रायफलीच्या पायी.

पीटर पॉल माउझर याचा जन्म २७ जून १८३८ रोजी जर्मनीतील ओबर्नडॉर्फ या गावी झाला. ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी नेकार नदीच्या काठी वसलेले हे गाव त्या काळी व्युर्टेंबर्ग संस्थानात मोडत असे. तेथील एका जुन्या मठाच्या इमारतीत राजाने बंदुकांचा कारखाना घातला होता व पॉलचा बाप तेथे कारागीर होता. तेरा भावंडांत पॉल सर्वांत धाकटा. एवढ्या मोठ्या कुटुंबात शाळेचे लाड फार दिवस चालणे शक्य नव्हते. कोवळ्या वयातच कानस हातात घेऊन तो बापाच्या शेजारी उभा राहिला. १८५९ साली त्याला सक्तीच्या लष्करी नोकरीवर जावे लागले; तेथेही त्याची नेमणूक लुडविग्सबुर्ग येथील शस्त्रागारातच झाली.

त्याने काय केले हे कळण्यासाठी त्या काळच्या बंदुकीची थोडी माहिती हवी. ठासणीची बंदूक आपल्याकडील खेड्यांतूनही अनेकांनी पाहिलेली असेल. तिची दारू व गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासावी लागते. हे काम उभ्यानेच सुखाने होते, आणि उभा राहिलेला शिपाई शत्रूच्या नेमात आपोआप सापडतो. ड्रायझे नावाच्या प्रशियन कारागिराने मागून भरावयाची बंदूक तयार केली व १८४१ पासून प्रशियाने ती स्वीकारली. तिच्यात दाराच्या कडीसारखा एक बोल्ट असे. तो उघडून काडतूस आत सारावे व पुन्हा बंद करावे. शिपायास पडल्या पडल्या बंदूक भरता येऊ लागली. १८६६ साली कोनिग्ग्रेट्झच्या रणांगणावर ठासणीच्या बंदुका घेऊन आलेल्या ऑस्ट्रियन सेनेला या फरकाची फार मोठी किंमत मोजावी लागली. तथापि या बंदुकीतही खोड होती. काडतूस कागदी असल्यामुळे बार उडताच तप्त वायू मागच्या फटीतून शिपायाच्या तोंडाकडे येई, आणि बार उडविणारी लांब सुई जळून मोडे. पॉलने हीच खोड हेरली. त्याने धातूचे काडतूस घेतले, आणि बोल्ट फिरविताना कमान आपोआप ताणली जाईल अशी योजना केली.

ती योजना प्रथम कोणीच पत्करली नाही. थोरला भाऊ विल्हेल्म हा बोलण्याचालण्यात हुशार. तो नमुना घेऊन दारोदार फिरे. अखेर नॉरिस नावाच्या एका अमेरिकन माणसाने दोघां भावांस करारात बांधून १८६७ साली बेल्जममधील लिएज येथे नेले. परंतु तो करारही फिसकटला व दोघे रिकाम्या हातांनी ओबर्नडॉर्फला परतले. मग दिवस पालटले. जर्मन साम्राज्य स्थापन झाले व नव्या सेनेसाठी माउझरची ११ मिलिमीटरची रायफल १८७१ च्या नावाने मंजूर झाली. बक्षिसाची रक्कम मात्र अपेक्षेच्या मानाने फारच तुटपुंजी मिळाली. तरी भावांनी धीर धरून कर्ज काढले, आणि १८७४ साली ज्या राजकारखान्यात बापाने हयात घालविली तोच विकत घेतला! १८८२ साली विल्हेल्म वारला. व्यवहार पाहणारा भाऊ गेला. पॉल कारखान्यात एकटा राहिला.

पुढची दहा-पंधरा वर्षे धावपळीची गेली. १८८६ साली फ्रान्सने धूररहित दारूची रायफल काढली आणि एका दिवसात साऱ्या युरोपातील बंदुका जुन्या झाल्या. १८८७ साली तुर्कस्तानने माउझरकडे लाखो रायफली मागविल्या होत्या. परंतु करारात त्यांनी एक शहाणे कलम घालून ठेवले होते. माउझरची याहून सुधारलेली रायफल निघाल्यास उरलेला माल त्या नव्या नमुन्याचा द्यावा, असे ते कलम होते. त्याप्रमाणे त्यांनी नव्या रायफली घेतल्याही. उलट, माउझरच्या स्वतःच्या देशाने १८८८ साली त्याला न विचारताच एका समितीकडून रायफल करवून घेतली. हे शल्य त्याच्या मनात राहिले असल्यास नवल नाही. त्याने उत्तर दिले ते कामाने. १८८९ साली बेल्जमने, १८९३ साली स्पेनने त्याची रायफल घेतली, आणि १८९८ साली जर्मनीलाही त्याच्याच दारी यावे लागले.

ही १८९८ ची रायफल म्हणजे हाताने चालविण्याच्या रायफलीची परिसीमा होय असे आम्हांस वाटते. बार उडतो तेव्हा नळीत तीन हजार वातावरणांहून अधिक दाब निर्माण होतो व तो सारा बोल्टवर आदळतो. माउझरच्या बोल्टला पुढच्या टोकाशी दोन भक्कम दाते होते. मूठ खाली वळविताच ते खाचांत अडकत. ते तुटलेच तर मागे तिसरा दाता राखीव होता. काडतूस फुटल्यास वायू बाहेर सोडण्यासाठी बोल्टला भोके ठेवलेली होती. एक लांब आकडा काडतुसाची कड अशी धरून ठेवी की, घाबरलेल्या शिपायाने बोल्ट अर्धवट ओढला तरी दुसरे काडतूस पहिल्यावर जाऊन अडकू नये. पाच काडतुसे एका पट्टीवरून अंगठ्याने दाबली की पोटातील पेटीत जाऊन बसत. चिखल, थंडी, घाई आणि भीती या चारही गोष्टींचा विचार त्यात केलेला होता.

तिच्या थोरल्या बहिणींनी आपला प्रताप तोवर दाखविला होता. १८९८ साली क्यूबातील सॅन हुआन टेकडीवर काही शे स्पॅनिश शिपायांनी हजारो अमेरिकनांना तासन् तास रोखून धरले. अमेरिकेने हस्तगत केलेल्या रायफली पाहून १९०३ साली आपली नवी रायफल बनविली, व तीत माउझरच्या कल्पना उचलल्याबद्दल पुढे त्याला दोन लक्ष डॉलर मोजले. दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी याच रायफलींनी ब्रिटिश साम्राज्यास घाम फोडला. मागेल त्यास माउझर रायफली विकीत असे. त्या कोणावर रोखल्या जाणार हा प्रश्न त्याने विचारल्याचे दिसत नाही, आणि ही गोष्ट त्याच्या चरित्रात आम्हांस खटकते.

परंतु त्याचे मन १८९८ च्या रायफलीवर थांबले नव्हते. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागेपुढे करावा लागतो, तेवढा वेळ नेम हलतो; तेव्हा बाराच्याच धक्क्याने बोल्ट मागे जावा, रिकामे काडतूस फेकावे व नवे भरावे, अशी रायफल त्याला हवी होती. कल्पना सोपी दिसते. अडचण अशी की, गोळी नळीबाहेर पडण्यापूर्वी बोल्ट मुळीच हलता कामा नये, आणि ती पडताच तत्काळ हलला पाहिजे; काळाचा हा हिशेब सेकंदाच्या सहस्रांशांत करावयाचा. पिस्तुलाच्या दुबळ्या काडतुसाला ते जमले. रायफलीच्या जबर काडतुसापुढे कमानी मोडत, खाचा झिजत. १९०१ साली अशाच एका नमुन्याची चाचणी घेत असता अपघात झाला आणि माउझरने आपला डावा डोळा गमावला. त्या वेळी त्याचे वय त्रेसष्टच्या घरात होते. पैसा व मान दोन्ही मिळाले होते, जर्मन लोकसभेचा तो सभासदही होता. त्याने काम सोडले नाही. एका डोळ्याने तो आणखी तेरा वर्षे नमुन्यामागून नमुने करीत राहिला. सेनेला देण्याजोगी आपोआप भरणारी रायफल काही त्याच्या हातून झाली नाही. २९ मे १९१४ रोजी ओबर्नडॉर्फ येथेच तो वारला.

दोनच महिन्यांनी महायुद्ध पेटले. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील कूट येथे सहावी पुणे डिव्हिजन वेढ्यात सापडली. तिच्यात मराठा पलटणी होत्या, आणि बाहेरून वेढा घालणाऱ्या तुर्कांच्या हाती माउझर रायफली होत्या. ज्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आज आमच्या बेळगावी आहे, तिच्या पूर्वजांनी माउझरची ओळख अशी करून घेतली. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने कूट पडले.

माउझरच्या मनातील रायफल साऱ्या सेनेच्या हाती देणारे पहिले मोठे राष्ट्र अमेरिका ठरले; गॅरंडची रायफल त्यांनी १९३६ साली स्वीकारली. आपले जवान तर १९६२ साली हिमालयात गेले ते ३०३ ची रायफल घेऊन. ती माउझरची नव्हे, ली याची; परंतु दर गोळीस बोल्ट हाताने ओढावयाची, त्याच पिढीतील. समोरच्या चिन्यांपाशी आपोआप भरणाऱ्या बंदुका होत्या. त्यानंतर आपल्या पलटणींच्या हाती इशापूरची सेल्फ लोडिंग रायफल आली.

ओबर्नडॉर्फचा कारखाना दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंचांनी मोडून टाकला. परंतु त्या युद्धाच्या अखेरीस तेथील इंजिनिअरांनी बोल्टच्या डोक्यात दोन लहान रूळ बसवून तो नेमका तेवढाच क्षण रोखून धरण्याची युक्ती काढली होती. त्यांतील एक जण ती युक्ती घेऊन स्पेनमध्ये गेला. इकडे माउझरच्याच तीन जुन्या इंजिनिअरांनी १९४९ साली ओबर्नडॉर्फमध्ये हेकलर आणि कॉख हा नवा कारखाना काढला. स्पेनमध्ये पुरी झालेली ती रायफल तेथे सुधारली गेली, आणि १९५९ साली पश्चिम जर्मनीच्या सेनेने ती स्वीकारली.