विमानाला अंतर मोजायला शिकवणारा टॅफी बोवेन

रात्रीची वेळ, खाली दाट ढग आणि विमानात शंभर-दीडशे माणसं. अशा वेळी पायलटला दोन गोष्टी कळायलाच हव्यात. विमानतळ कोणत्या दिशेला आहे आणि अजून किती लांब आहे? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज कॉकपिटमध्ये आकड्यात दिसतं. ते देणाऱ्या यंत्राला डीएमई म्हणतात. प्रवासी विमानांत हे यंत्र आणण्यामागे ज्याचा मोठा वाटा होता, तो माणूस म्हणजे एडवर्ड जॉर्ज बोवेन.

बोवेन यांचा जन्म १४ जानेवारी १९११ रोजी वेल्समधल्या स्वान्सीजवळ झाला. वडील पत्र्याच्या कारखान्यात कामगार. पोराला लहानपणापासून दोन वेड, रेडिओ आणि क्रिकेट. स्वान्सीत भौतिकशास्त्र शिकून तो लंडनला एडवर्ड ॲपलटन यांच्या हाताखाली पीएचडीसाठी गेला. वेल्सच्या माणसाला इंग्रज गमतीने टॅफी म्हणतात. तेच नाव त्याला जन्मभर चिकटलं.

१९३५ मध्ये रॉबर्ट वॉटसन-वॅट यांनी त्याला रडारच्या गुप्त कामात घेतलं. तत्त्व सोपं होतं. रेडिओचा ठोका सोडायचा, तो विमानावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं, की अंतर कळलं. पण यंत्रं अवजड आणि त्यांचे खांब उंचच उंच. हे सगळं विमानात बसवायचं काम बोवेनवर आलं. सप्टेंबर १९३७ मध्ये एका लहान ॲन्सन विमानातून त्याने उत्तर समुद्रावर खराब हवेतही ब्रिटिश युद्धनौका शोधून दाखवल्या. तेव्हा तो अवघा २६ वर्षांचा होता.

१९४० च्या ऑगस्टमध्ये त्याच्या हाती एक काळी पेटी देण्यात आली. आत मॅग्नेट्रॉन होता, म्हणजे अगदी आखूड रेडिओलहरी जोरात सोडणारी नळी. ब्रिटनचं हे गुपित अमेरिकेला न्यायचं होतं. लंडनच्या हॉटेलात पेटी तिजोरीत मावेना, म्हणून त्याने ती पलंगाखाली ठेवली. सकाळी युस्टन स्टेशनवर हमालाने ती खांद्यावर घेतली आणि गर्दीत असा काही सुटला, की बोवेन मागून धावतच राहिला. पेटी सुखरूप पोहोचली. पुढे अमेरिकेत रडारची मोठी प्रयोगशाळा उभी करण्यातही त्याने मदत केली.

युद्ध संपायच्या आतच, १९४४ च्या सुरुवातीला, बोवेन सिडनीला आले आणि दोन वर्षांत तिथल्या सरकारी रेडिओफिजिक्स विभागाचे प्रमुख झाले. युद्ध संपलं आणि प्रश्न उभा राहिला, आता या विद्येचं करायचं काय? जी युक्ती शत्रूला गाठायला वापरली, तीच माणसांना घरी पोहोचवायला वापरायची, हे एक उत्तर होतं. ऑस्ट्रेलियात शहरं शेकडो मैल लांब आणि मधे ओसाड माळ, खाली बघून ठिकाण ओळखायची सोय नाही. बोवेन यांच्या देखरेखीखाली जेम्स गेरी गेरंड यांनी डीएमई तयार केलं.

त्याचं काम असं चालतं. विमान दोन-दोन ठोक्यांची जोडी सोडतं. जमिनीवरचं केंद्र ती ऐकून ठरलेल्या ५० मायक्रोसेकंदांनंतर वेगळ्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देतं. एका सागरी मैलाचं जाणं-येणं १२.३६ मायक्रोसेकंदांत होतं. समजा, उत्तर ६६८ मायक्रोसेकंदांनी आलं. त्यातले ५० वजा करा, उरले ६१८. त्याला १२.३६ ने भागा. अंतर ५० सागरी मैल, म्हणजे सुमारे ९३ किलोमीटर. एकाच वेळी कितीतरी विमानं विचारत असतात, म्हणून प्रत्येक विमान आपले ठोके थोडे मागेपुढे सोडतं आणि त्यावरून स्वतःचं उत्तर ओळखतं. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. हे अंतर तिरकं असतं. ३६ हजार फुटांवरचं विमान केंद्राच्या बरोबर डोक्यावर असलं, तरी आकडा शून्य होत नाही, सहाच्या आसपास दिसतो.

१९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या देशांतर्गत विमानांत हे यंत्र आलं. ते २०० मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचं. जगाने मात्र १९५९ मध्ये १००० मेगाहर्ट्झजवळची दुसरी पद्धत प्रमाण मानली. ऑस्ट्रेलियाने आपली जुनी पद्धत लगेच मोडली नाही, १९९० च्या दशकापर्यंत ती चालवली. त्यांची फ्रिक्वेन्सी मागे पडली, तरी विचारून उत्तराचा वेळ मोजायची रीत जगभर तीच राहिली.

बोवेन पुढे आकाशाकडे वळले. पार्क्स इथली ६४ मीटरची रेडिओ दुर्बीण १९६१ मध्ये सुरू झाली, ती त्यांच्याच खटपटीतून. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, तेव्हाची दृश्यं टिपण्यात या दुर्बिणीचा मोठा वाटा होता. आपल्याकडचा धागाही इथेच आहे. त्यांच्या विभागात १९५३ पासून दोन वर्षं गोविंद स्वरूप शिकत होते. सिडनीच्या ३२ लहान डिश पुढे भारताला मिळाल्या आणि १९६५ मध्ये स्वरूप यांनी त्या कल्याणला उभ्या केल्या.

१२ ऑगस्ट १९९१ रोजी सिडनीत बोवेन यांचं निधन झालं. त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण ढगांतून विमान उतरताना पायलटसमोरचा अंतराचा आकडा एकेक करून कमी होत जातो, त्यामागे पत्र्याच्या कारखान्यातल्या कामगाराच्या या मुलाची मेहनत आहे.