गणितानंद कै. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत गुणवंतांची नामावली दरवर्षी छापली जाते आणि मी ती आवडीने वाचतो. तीत डॉक्टर असतात, इंजिनिअर असतात. अलीकडे संगणकाच्या कंपन्यांत नोकरीस लागलेली मुले-मुलीही पुष्कळ असतात. परंतु गणितात अथवा संगणकशास्त्रात पीएच. डी. केलेले एकही नाव माझ्या वाचनात अद्याप आलेले नाही. हा विचार मनात घोळत असता मला कै. कापरेकर मास्तरांचे स्मरण झाले. ते कोणत्या ज्ञातीत जन्मले, याची चौकशी कोणी करू नये. ते आम्हां शाळामास्तरांच्या ज्ञातीचे होते, एवढे मला पुरेसे आहे.

त्यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. वय अवघे आठ वर्षांचे असता मातेचे छत्र हरपले. वडील साधे कारकून. त्यांना ज्योतिषाचा नाद होता. ग्रहांच्या आकडेमोडीत बसलेल्या वडिलांजवळ बसून मुलालाही आकड्यांची गोडी लागली. माध्यमिक शिक्षण ठाण्यास आणि पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे विद्यार्थिदशेतच, १९२७ साली, त्यांना गणितातील स्वतंत्र कार्यासाठी रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी. एस्सी. झाले आणि शिक्षण तेथेच थांबले. पुढील वर्षी ते देवळालीस शिक्षक म्हणून रुजू झाले. ही देवळाली म्हणजे आपल्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा नव्हे, नाशिकजवळची. १९६२ साली सेवानिवृत्त होईपर्यंत ते तेथेच शिकवीत राहिले.

दिवसा वर्ग आणि उरलेल्या वेळी आकडे, हाच त्यांचा संसार झाला. त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ या संख्येचा. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत आणि त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. पुढे कितीही वेळा वजाबाकी केली तरी ६१७४ च येते. कोणत्याही संख्येला येथवर पोहोचण्यास सातांहून अधिक पायऱ्या लागत नाहीत. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हा शोध मांडला.

ही जादू नव्हे, हे मी मुलांना आवर्जून सांगत असे. पहिल्या वजाबाकीचे उत्तर केवळ दोन गोष्टींवर अवलंबून असते: सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील फरक, आणि मधल्या दोन अंकांतील फरक. त्यामुळे हजारो संख्या तपासण्याचे कारण उरत नाही. अवघे ५४ प्रकार पाहिले की काम भागते. जिज्ञासू मुलांनी एका रविवारी बसून ते करावेत.

डोंबिवली स्थानकावर सुचलेल्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिले. आपल्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या १२ सारख्या संख्यांना हर्षद म्हटले. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० अधिक २५ पुन्हा ४५. अशा संख्यांना आज जगभर कापरेकर संख्या म्हणतात. १५ मध्ये तिच्याच अंकांची बेरीज मिळविली की २१ येतात; परंतु २० अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून निघत नाही. या अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले.

एवढे करूनही विद्यापीठांतील पुष्कळ विद्वानांना हे काम पोरखेळ वाटे. मास्तर छोट्या पुस्तिका स्वखर्चाने छापीत. १९६६ साली पत्नी निवर्तली. पुढे निवृत्तिवेतन अपुरे पडू लागले, तेव्हा इतक्या साध्या राहणीच्या या माणसाला गणित-विज्ञानाच्या शिकवण्या धराव्या लागल्या. माझ्या मते त्यांच्या बुद्धीत उणे काहीच नव्हते. मार्गदर्शक नव्हता, ग्रंथालय नव्हते, आणि चार-पाच वर्षे पोटाची चिंता न करता एकाच प्रश्नावर बसण्याची सवड नव्हती. पीएच. डी. म्हणजे मुख्यतः हीच सवड होय.

येथे एक कबुली द्यावयास हवी. मी स्वतः मॅट्रिकपुढे शिक्षकी पदविकेपर्यंतच गेलो. माझा एक विद्यार्थी गणितात एम. एस्सी. प्रथम वर्गात उत्तीर्ण झाला आणि त्याचे वडील माझा सल्ला घेण्यास आले. संशोधन हे श्रीमंतांचे काम, मुलास पतपेढीत चिकटवावे, असे मीच सुचविले. संशोधकाला विद्यावेतन मिळते, हे मला ठाऊकच नव्हते. तो मुलगा आज सुखात आहे, माझ्याशी आदराने बोलतो. तथापि गणिताची वही त्याने पुन्हा उघडली नाही.

वस्तुस्थिती अशी आहे की राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व शिवाय नियमानुसार घरभाडे असा दर ठरला आहे. गणितासाठी राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या निराळ्या छात्रवृत्त्या आहेत. राज्यात बार्टी, सारथी व महाज्योती या संस्था आपापल्या समाजघटकांतील संशोधकांना साहाय्य करतात. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. पुण्यास विद्यापीठाचा गणित विभाग आणि २००६ साली निघालेली आयसर ही संस्था आहे. अहिल्यानगरहून पुणे काही परदेश नव्हे. मुलींच्या पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

कापरेकरांची कीर्ती परदेशातून परत आली. १९७५ च्या मार्चमध्ये मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेच्या सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा मास्तर सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली देवळालीतच त्यांचा अंत झाला. आज संगणकाचा प्रोग्रॅम लिहावयास शिकणाऱ्या मुलांना पुष्कळ ठिकाणी ६१७४ चा सराव देतात. माझ्या नातीनेही तो केला. संगणकाने क्षणार्धात सर्व संख्या तपासून दाखविल्या, आणि पाच अंकी संख्या घेतल्यास काय होते, असे तिने मला विचारले. त्या एका संख्येवर स्थिरावत नाहीत, फेऱ्यात फिरत राहतात, एवढेच मला सांगता आले. त्याचे कारण ती सध्या शोधीत आहे.