नानासाहेब गोरे : तुरुंग ते लंडन
शिक्षक मित्रांनो, पालकहो, आपल्या हिंगोलीत १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन असतो. तेव्हा मुलांना हेही सांगा, की आपण १९४८ ला निजामाकडून सुटलो, पण गोवा १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होता. १९०७ साली कोकणात जन्मलेले नानासाहेब गोरे १८ मे १९५५ ला सत्याग्रहींची तुकडी घेऊन तिथं शिरले. हातात काठीसुद्धा नाही. मार खाल्ला, दहा वर्षांची शिक्षा झाली. १९५७ मध्ये सुटले अन् त्याच वर्षी प्रजा समाजवादी पक्षाचे पुण्याचे खासदार झाले. त्याआधी इंग्रजांनीही त्यांना तुरुंगात टाकलं होतं. आता गंमत बघा, १९७७ मध्ये हेच नानासाहेब भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला गेले! परत आल्यावर पुन्हा लेखणी धरली, साने गुरुजींनी सुरू केलेल्या ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक झाले. १९९३ साली ते गेले.