विश्लेषण : विमानाच्या पंखाचा आकार कशावर ठरतो? हसूरचंपूच्या डॉ. घाटगे यांनी तो देशात कसा घडवला?

सोलापुरात वालचंद म्हटले की आधी कॉलेज आठवते. मात्र याच शहरात १८८२ मध्ये जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरुत हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही विमाने बनवणारी देशातली पहिली कंपनी उभी केली. तिथे सुरुवातीला अमेरिकी आराखड्यांवरून विमाने जोडली जात. पंखाचा आकार असाच का आणि आपल्याला हवा तसा तो कसा ठरवायचा, हे काम ज्यांनी पुढे नेले ते डॉ. विष्णू माधव घाटगे.

हसूरचंपू ते गॉटिंगेन

घाटगे यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यात गडहिंग्लजजवळच्या हसूरचंपू या खेड्यातला. पुढे ते जर्मनीत गॉटिंगेन विद्यापीठात गेले आणि १९३६ मध्ये लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवली. वायुगतिशास्त्र शिकायला त्या काळी याहून मोठे घर नव्हते. पंखाभोवती हवा नेमकी कशी वागते, याचे आजचे गणित बऱ्याच अंशी प्रांटल यांच्या कामावर उभे आहे.

एअरफॉइल म्हणजे काय?

पंख पुढून मागे उभा कापला तर जो आकार दिसतो तो एअरफॉइल. पुढची कड गोलसर, वरची बाजू फुगीर आणि मागची कड निमुळती. वरच्या हवेला लांबचा रस्ता असल्याने ती खालच्या हवेला गाठण्यासाठी वेगाने पळते, हे अनेकांनी शाळेत पाठ केलेले उत्तर चुकीचे आहे. वरची हवा खालच्या हवेची वाट पाहत नाही, उलट मागच्या कडेला तिच्या आधीच पोहोचते. पंख हवेला खालच्या दिशेने वळवतो. हे वळण घेताना वरच्या बाजूचा दाब कमी होतो आणि पंख वर उचलला जातो. यालाच लिफ्ट म्हणतात.

खरी अडचण पुढे येते. पंखाच्या पृष्ठभागाला लागून हवेचा एक पातळ थर असतो. घर्षणामुळे तो मंदावतो, अगदी पृष्ठभागावर तर त्याचा वेग शून्य होतो. प्रांटल यांनी १९०४ मध्ये हा थर ओळखला. मागच्या कडेकडे दाब वाढत जातो आणि मंदावलेला थर त्या दाबापुढे टिकला नाही तर पंखापासून सुटतो. विमानाचे नाक जास्त वर केले, साधारण १५ अंशांच्या आसपास, की बहुतेक पंखांवर हे घडते. लिफ्ट एकदम घटते. हाच स्टॉल. इंजिन व्यवस्थित चालू असतानाही विमान खाली येऊ लागते.

थर कुठे आणि किती अचानक सुटेल, हे एअरफॉइलच्या आकारावर बरेच अवलंबून असते. पहिल्या महायुद्धातली बहुतेक विमाने पातळ पंखांची होती, कारण पातळ पंखाला हवेचा विरोध कमी, असा समज होता. गॉटिंगेनच्या विंड टनेलमध्ये जाड, गोलसर कडेचे आकार सरस ठरले. त्यांतला गॉटिंगेन २९८ हा आकार फोकरच्या तीन पंखी लढाऊ विमानात वापरला गेला.

जोडणी वेगळी, रचना वेगळी

घाटगे परतले तेव्हा हे ज्ञान वापरायला देशात जागाच फारशी नव्हती. वालचंद यांच्या कारखान्यात ती मिळाली. तिथे त्यांनी सैनिक वाहून नेणारा जी-१ ग्लायडर रचला. ग्लायडरला इंजिन नसते, त्यामुळे सगळी भिस्त पंखावर. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला आणि हा कारखाना अमेरिकी लष्करी विमानांच्या दुरुस्तीत गुंतला. त्याच वर्षी बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत एरोनॉटिकल इंजिनीअरिंग विभाग सुरू झाला आणि त्याची धुरा घाटगे यांच्याकडे आली.

पुढे ते कारखान्यात परतले. ५ ऑगस्ट १९५१ रोजी त्यांच्या गटाने रचलेले एचटी-२ हे दोन आसनी विमान प्रथम उडाले. वैमानिक होते कॅप्टन जमशेद मुन्शी. पंखांची लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे १०.७ मीटर, आणि हवाई दलाला दिलेल्या विमानांत १५५ अश्वशक्तीचे इंजिन.

शिकाऊ वैमानिकाच्या विमानाचा पंख रचणे सोपे वाटते, पण ते तसे नाही. लढाऊ विमानाच्या पंखाकडून वेग हवा असतो. शिकाऊ विमानाने हळू उडावे, चूक झाली तर ती आधी जाणवू द्यावी आणि सावरायला वेळही द्यावा. एक पंख दुसऱ्याआधी स्टॉल झाला तर विमान गिरक्या घेत कोसळू शकते.

हवाई दलाच्या कित्येक तुकड्या एचटी-२ वर उडायला शिकल्या. घानाच्या हवाई दलानेही ते घेतले. तरी आज नाव निघते ते जर्मन अभियंता कुर्ट टांक यांच्या मारुत या लढाऊ विमानाचे. शिकाऊ विमानांच्या वाट्याला कौतुक कमीच येते.

४ सप्टेंबर १९६४ रोजी घाटगे यांच्या गटाचे किरण हे जेट ट्रेनर उडाले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९९६ मध्ये हवाई दलाने सूर्यकिरण पथक उभे केले. २०११ पर्यंत या पथकाने देशभर जी प्रात्यक्षिके केली, ती किरण मार्क-२ विमानांवर.