विनोबांचे अस्वाद व्रत आणि वार्धक्यातील रसना

काळा मसाला, शेवभाजी, भरीत आणि ठेचा यांसाठी खानदेश प्रसिद्ध आहे. याच खानदेशात, धुळ्याच्या कारागृहात, 1932 मध्ये मीठमसाल्याचा त्याग करण्याचे व्रत घेतलेले एक 36 वर्षांचे सत्याग्रही बंदिवासात होते. ते आचार्य विनोबा भावे. 21 फेब्रुवारी ते 19 जून या काळात दर रविवारी त्यांनी सहबंदींसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले. अमळनेरच्या शाळेत अध्यापन केलेल्या साने गुरुजींनी ती अठराही प्रवचने लिहून घेतली. अति तिखट, खारट, आंबट अन्नाला राजस म्हणणाऱ्या सतराव्या अध्यायाच्या निमित्ताने त्यांत आहारशुद्धीचाही विचार आला.

विनोबांचा जन्म 11 सप्टेंबर 1895 रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. 1916 मध्ये ते गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. अस्वाद, म्हणजे चवीसाठी न खाणे, हे आश्रमातील एक व्रत होते. संस्कृतच्या अभ्यासासाठी वाईला असताना त्यांनी आपल्या आहारातील प्रयोगांचा वृत्तान्त 1918 मध्ये गांधीजींना कळवला. महिनाभर केवळ केळी, दूध आणि लिंबू यांवर राहिल्याने शक्ती घटल्याचेही त्यांनी प्रांजळपणे नमूद केले होते.

विनोबांनी तारुण्यात समजूनउमजून जे सोडले, ते बहुतेकांच्या हातून वार्धक्यात नकळत निसटते. जिभेवरील स्वादकलिकांतील पेशी साधारणतः दहा दिवसांनी नव्या होतात. वयोमानानुसार हे नूतनीकरण मंदावते. अनेकांच्या तोंडातील लाळ औषधांमुळे कमी होते. त्याहून मोठा परिणाम घ्राणेंद्रियाचा असतो. पदार्थाची ओळख पटते ती बरीचशी वासाने आणि साठीनंतर वासाची जाणीव अधिक वेगाने क्षीण होत जाते. त्यामुळे नेहमीची आमटी अळणी वाटते, वरून मीठ घेतले जाते आणि रक्तदाब वाढण्याचा धोका उद्भवतो. काहींची अन्नावरची वासनाच उडते आणि वजन घटू लागते.

स्वतः विनोबांना पोटातील व्रणाचा विकार होता. भूदानासाठी 1951 पासून हजारो मैल पायी चालतानाही दूध-दह्यासारखा मोजकाच आहार ते घेत. नोव्हेंबर 1982 मध्ये पवनार आश्रमात हृदयविकाराचा झटका आल्यानंतर त्यांनी अन्न, पाणी व औषध नाकारले आणि 15 नोव्हेंबर रोजी वयाच्या 87 व्या वर्षी देह ठेवला.

त्यांचा त्याग जाणीवपूर्वक स्वीकारलेला होता. घरातील वृद्धांची चव जाते ती मात्र त्यांच्या इच्छेविरुद्ध. म्हणून जेवण बेचव झाल्याची त्यांची तक्रार हेकटपणा समजून झिडकारणे अन्यायाचे ठरेल. मिठाऐवजी लिंबू, कोथिंबीर, जिरे, आले यांनी अन्नाला स्वाद आणता येतो. दात, कवळी आणि चालू औषधे डॉक्टरांकडून तपासून घेता येतात. विरक्तीचा आदर्श ज्याने त्याने स्वतःसाठी निवडावा. वृद्धांच्या ताटात तो परस्पर वाढणे योग्य नव्हे.