एक नांव, अनेक रूपें: फादर थॉमस स्टीफन्स

ग्रीक भाषेंत स्तेफानोस म्हणजे मुकुट. विशेषेंकरून विजेत्याच्या मस्तकीं घालावयाचा पानांचा. यरुशलेमांत दगडमार सोसून जो प्रथम रक्तसाक्षी झाला त्या संत स्तेफनाचें नांव हेंच. फ्रान्सांत त्याचें एतिएन झालें, हंगेरींत इश्तवान, पोर्तुगालांत एस्तेव्हांव. आणि मांडवींतील जुवें बेटास ह्या संतावरूनच सांत इस्तेव हें नांव मिळालें. इंग्लंडांत त्याचें स्टीफन्स हें आडनांव बनलें. आमच्या मराठीशीं ज्यांचा ऋणानुबंध जडला ते फादर थॉमस स्टीफन्स ह्याच आडनांवाचे.

त्यांचा जन्म सुमारें १५४९ सालीं विल्टशर परगण्यांतील बुश्टन गांवीं झाला. त्या काळीं इंग्लंडांत कॅथलिक धर्म पाळणें संकटाचें होतें. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड धर्मापायीं पकडले गेले व सुमारें तीस वर्षें त्यांनीं बंदिवासांत काढिलीं. दोघांचा बेत रोमला जाण्याचा; स्टीफन्स एकटेच गेले व १५७५ सालीं येशूसंघांत शिरले. ४ एप्रिल १५७९ रोजीं लिस्बन सोडून २४ ऑक्टोबरला ते गोव्यास पोंचले. मायदेश त्यांस पुन्हां दिसला नाहीं.

साष्टींत ते पाद्री एस्तेव्हांव झाले. जन्मगांवाचें नांवही मागें लागून त्याचें बुस्टन, बुबस्टन असें कांहींबाहीं झालें, व पुढील लेखकांचा बराच घोटाळा उडाला. फादरांस त्याची खंत वाटली असेल असें आम्हांस वाटत नाहीं. परक्या जिभेवर शब्दाचें काय होतें हें कोंकणीचें व्याकरण रचणाऱ्यास कोणीं सांगावें? तें व्याकरण १६४० सालीं, त्यांच्यामागें, राशोल येथें छापून निघालें.

त्यांचें ख्रिस्तपुराण मात्र त्यांच्या हयातींतच, १६१६ सालीं, राशोलास छापलें गेलें. ओव्या सुमारें अकरा हजार, भाषा मराठी, लिपि रोमन. ख्रिस्त हा शब्दही मूळ ग्रीकच, अर्थ अभिषिक्त. त्यास पुराण हा आपला शब्द जोडतांना त्यांस संकोच झाला नाहीं.

१६१९ सालीं फादर निवर्तले. १६४९ व १६५४ सालीं ग्रंथ पुन्हां छापला गेला. पण १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषा सोडण्याचा हुकूम काढिला. त्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज सांपडत नाहीं. मंगळूरकडील ख्रिस्ती कुटुंबांनीं हातानें उतरलेल्या पोथ्या जपल्या. त्यांवरून जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास ग्रंथ छापविला. मुखपृष्ठावर नांव आलें तें पुन्हां इंग्रजी वळणाचें, थॉमस स्टीफन्स.